मातीबाई आणि सासूबाईंचा स्वेटर

सासूबाईंनी मिक्सरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. काहीतरी मसाल्याचा वास येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो कुंडीचा.

“ही माती आहे,” त्या म्हणाल्या.

“हो आई,” सून म्हणाली. “पण स्वच्छ आहे. प्रयोगशाळेतल्या भट्टीत वाळवलेली.”

“भट्टीत वाळवलेली! मग काय प्रश्नच नाही. उद्या जेवायला काय वाढणार आहेस, विटा?”

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा टेबलापाशी वर्तमानपत्र उघडून बसला होता आणि त्याने बराच वेळ पान उलटलं नव्हतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का’ असं विचारणारा हा माणूस घरात मात्र शक्यतो काही न दिसल्यासारखं वागायचा.

“मातीबाई आणलीस रे घरात,” सासूबाई वर्तमानपत्राला उद्देशून म्हणाल्या. “अस्सल मातीबाई!”

नाव पडलं ते तिथे. नवऱ्याने ते कौतुकाने तिच्या सहकाऱ्यांना सांगितलं, आणि मग प्रयोगशाळेतही साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मातीबाईच म्हणायला लागले. तिलाही ते आवडलं. खोटं तर काहीच नव्हतं त्यात.

मातीबाई माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गावोगावच्या जमिनींचे नमुने कापडी पिशव्यांतून यायचे. ते पसरट ट्रेमध्ये वाळवायचे, ढेकळं फोडायची, चाळायचं, आणि मग त्यात काय आहे, काय नाही, ते एकेक करून शोधायचं. पण या सगळ्याच्या आधी एक काम असे : मातीचा रंग ठरवणं. त्यासाठी रंगांच्या छोट्या चौकोनांचं एक जाड पुस्तक होतं. खिडकीशी उभं राहायचं, मातीचा खडा चौकोनांजवळ धरायचा आणि जुळेल त्या रंगाचा क्रमांक टाकायचा. बाकीचे हे काम उरकायचे. मातीबाई तिथेच रेंगाळायची. एकाच खड्याचा कोरडा असताना एक रंग, पाण्याचा थेंब टाकला की दुसरा. ‘तपकिरी’ म्हणून लिहिलेल्या मातीत तिला जांभळं दिसायचं, करड्यात हिरवं दिसायचं. साहेब म्हणायचे, “अहो, जमीन आहे ती, साडी निवडताय का?”

चित्रं ती लहानपणापासून काढत होती. घरच्यांनी बळेच विज्ञानाला घातलं आणि पोरीची कला मारली, अशी गोष्ट ऐकायला लोकांना आवडतं. पुढे कितीतरी जणांनी तिला हळहळून तसं विचारलंही. तसं काही झालं नव्हतं. विज्ञान तिने स्वतः हौसेने घेतलं होतं. कसलाही पदार्थ पाण्यात ढवळला की आधी काय खाली बसतं आणि नंतर काय, हे बघत ती तासन्‌तास बसू शकायची. आणि चित्र काढायलाही तितकाच वेळ बसू शकायची. यातलं एक सोडायचं असतं हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नाही, एवढंच.

प्रयत्न मात्र बऱ्याच जणांनी केला. संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गातल्या सरांनी तिचं एक निसर्गचित्र हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. शास्त्रज्ञांची चित्रं अशीच असतात. हात धुऊन काढलेली.” सगळा वर्ग हसला. इकडे प्रयोगशाळेत एका अहवालात तिच्याकडून दशांशचिन्ह चुकलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ साहेबांना म्हणाले, “कलाकार मंडळी आहेत, आकड्यांचं जरा बघून घ्या.” तीच चूक त्यांची झाली असती तर तिला चूकच म्हटलं गेलं असतं. त्या दिवशी घरी येऊन ती न्हाणीघरात जाऊन रडली आणि डोळे लाल का म्हणून विचारल्यावर म्हणाली, माती गेली.

मातीचे रंग करायची कल्पना तिच्या डोक्यात आली ती गाळणीच्या कागदावरून. तपासून उरलेली माती टाकूनच द्यायची असते. असाच एक ओला कागद टाकता टाकता तिने तो खिडकीवर चिकटवला आणि वाळल्यावर पाहिला, तर त्यावर असा एक विटकरी डाग होता की दुकानातल्या कुठल्याच ट्यूबमध्ये तो मिळाला नसता. साहेबांना विचारून ती उरलीसुरली माती घरी न्यायला लागली. माती बारीक करायची, पाण्यात ढवळायची, जाड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते निवळू द्यायचं आणि तळाशी जो लोण्यासारखा गाळ राहील त्यात डिंक घोटायचा. झाला रंग. यातली फक्त पहिली पायरी चुकली होती. ती मिक्सरमध्ये झाली होती.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने दगडी खलबत्ता आणून दिला. आणि पुढच्या वर्षी सासूबाई निवृत्त झाल्या.

सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती. आवाज असा की बाजारात भाव विचारला तरी माणूस सावरून उभा राहायचा. निवृत्तीनंतर त्या घरात बसल्या आणि अवघ्या महिन्याभरात घराला सळो की पळो करून सोडलं. कपाटं लावून झाली, पडदे शिवून झाले, शेजाऱ्यांची भांडणं लावूनही झाली आणि मिटवूनही झाली. एका रविवारी सकाळी मातीबाई खलात माती कुटत होती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“कुटतेस काय अशी, साप मारल्यासारखी,” त्या म्हणाल्या. “सरक.”

त्या बसल्या त्या बसल्याच. मनगट गोल फिरवत त्यांनी माती अशी घोटली की चिमटीत धरली तर पावडर लावल्यासारखी वाटावी. मातीबाईने तोंड भरून कौतुक केलं. सासूबाई म्हणाल्या, “कौतुक नको. ही कुठली ते सांग. मी कुणाला घोटतेय ते मला कळायला नको?”

तेव्हापासून रविवारची सकाळ ठरून गेली. सासूबाई घोटायच्या, सून रंगवायची, आणि कुठली माती कशी आहे यावर चर्चा चालायची. सासूबाईंनी मातीचेही स्वभाव ठरवून टाकले होते. नदीकाठची ती लाडावलेली. डोंगरावरची ती तुसडी. काळी ती पोटात ठेवणारी.

त्याच दिवसांत मातीबाईने त्यांचं चित्र काढलं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आहेत, अंगात जाड विणीचा स्वेटर आहे आणि चेहऱ्यावर, समोरच्याचा फोन लागत नाहीये हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, असा भाव आहे. स्वेटरसाठी मातीबाईने शहराबाहेरच्या एका उतारावरची लाल माती वापरली. नोकरीच्या सुरुवातीला तो उतार नुसता गवताचा होता, आणि तिथला नमुना तिने स्वतः खणून आणला होता. त्या मातीत तिने डिंकाशिवाय दुसरं काही मिसळलं नाही. स्वेटरची वीण दिसावी म्हणून मात्र थरावर थर चढवले, इतके की बोट फिरवलं तर टाके लागावेत.

“नाक जरा मोठं झालंय,” सासूबाई म्हणाल्या. मग चित्र दिवाणखान्यात, आल्यागेल्याच्या नजरेत भरेल असं त्यांनी स्वतःच टांगून घेतलं.

नंतर मुलगी झाली. मग बढती मिळाली. मातीबाई विभागाची प्रमुख झाली. चित्रं बंद पडली. बंद करायचं असं ठरवून नव्हे. आज नको, या रविवारी नको, अहवाल जाऊ दे, पोरीची परीक्षा होऊ दे. बरण्यांतले रंग वाळून तडकले. कोणी विचारलं तर ती हसून म्हणायची, “पूर्वी काढायचे.” हे ‘पूर्वी’ ऐकलं की सासूबाईंचं डोकं फिरायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. त्या फक्त रविवारी खल घेऊन बसायच्या आणि जी हाताला लागेल ती माती घोटत राहायच्या. घोटून ठेवलेल्या पुड्यांनी अख्खा खण भरला. शेवटी एक दिवस मातीबाई चिडली.

“आई, कशाला घोटताय? कोण वापरणार आहे हे?”

“मला काय माहीत? मी फक्त जोडून देते,” सासूबाई म्हणाल्या. “बोलायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.”

मातीबाईने त्या रविवारी ब्रश हातात घेतला. चित्र भिकार झालं. पुढच्याही रविवारी भिकारच झालं. पण ती बसत राहिली, आणि हळूहळू हात मोकळा झाला. या वेळी तिने माणसं सोडून जमिनीच रंगवल्या : खणलेल्या खड्ड्यांच्या उभ्या भिंती, वर मुळांचा काळा पट्टा, खाली पिवळं, त्याखाली दगड. प्रयोगशाळेत रोज बघितलेलं सगळं त्या चित्रांत उतरलं, आणि चित्रांमुळे प्रयोगशाळेत तिला थरांच्या सीमा जास्त चटकन दिसायला लागल्या. हे तिने कोणाला सांगितलं नाही. दोन्हीकडचे लोक हसले असते.

चष्मा बदलायला आलेल्या एका बाईंनी दुकानात टांगलेलं असं एक चित्र पाहिलं. त्यांची स्वतःची आर्ट गॅलरी होती. त्यांनी घरी येऊन सगळं पाहिलं आणि प्रदर्शन करायचं म्हणाल्या. दिवाणखान्यातल्या चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. “हे तर हवंच. दारातून शिरल्या शिरल्या समोर.”

“नाक मोठं आहे,” सासूबाई म्हणाल्या, पण संध्याकाळी त्या आरशासमोर जरा जास्तच वेळ होत्या.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि प्रयोगशाळेत एक परिचारिका आली. त्या जुन्या गवताच्या उतारावर आता घरांची वसाहत झाली होती. उतार कापून सपाट केला होता आणि शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना उभा होता. परिचारिका त्याच वसाहतीत राहत होती. तिच्या मुलाचं पोट सतत दुखायचं, शेजारच्या मुलांचंही. तिला शंका आली, म्हणून तिने अंगणातली माती प्लास्टिकच्या डब्यात भरून आणली होती. मातीबाईने स्वतः जाऊन आणखी नमुने आणले. शिसं निघालं, आणि भरपूर निघालं.

कारखान्याच्या मालकाचं उत्तर तयार होतं. तो म्हणाला, या डोंगराच्या मातीत शिसं जन्मापासून आहे. आमचा काय संबंध?

“कारखान्याच्या आधीची माती दाखवा, मी आज चौकशी लावतो,” साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते. फक्त पायाखाली पक्की फरशी असल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. पण आधीचा नमुना नव्हता. जुने नमुने ठरावीक वर्षांनी फेकून देतात, तसा तोही गेला होता. आणि मूळ उतार तर कापून, भर घालून सगळा कालवूनच टाकला होता.

मातीबाई घरी आली आणि चपलासुद्धा न काढता दिवाणखान्यात बसली. समोर चित्र होतं. तिने नजर वळवली. पुन्हा बघितलं, पुन्हा वळवली. एखाद्या माणसाच्या मनात चोर असावा तशी.

सासूबाई चित्राखालच्या खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. “काय झालंय? माझ्याकडे बघतेस की वरच्या माझ्याकडे?”

मातीबाईने सगळं सांगितलं. परिचारिका, मूल, मालक, फेकलेला नमुना. आणि तो स्वेटर.

“मग?” सासूबाई म्हणाल्या.

“मग काही नाही. दुसरा काहीतरी मार्ग निघेल.”

“अगं, पोरांच्या पोटात विष जातंय आणि तू काय चित्र बघत बसलीस? खरवड.”

“आई, माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे ते.”

“ते मला माहितीय. मीच बसलेय त्यात.” सासूबाईंनी भाजीची परात बाजूला ठेवली. “नाक सोडून काय हवं ते खरवड. आणि नाक जरा कमी झालं तरी माझी हरकत नाही.”

मातीबाईला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. तेवढ्यात नवरा दुकानातून आला. दोघींकडे बघून तो दारातच थबकला आणि सवयीने मागे फिरायला लागला. सासूबाई गरजल्या, “ये आत! चित्र उतरव.”

पुढचं काम मातीबाईने चित्रकाराच्या हाताने केलं नाही. गळ्यापाशी उजेड दाखवायला तिने ट्यूबमधला पांढरा वापरला होता, हे तिला आठवत होतं, आणि त्या पांढऱ्यात शिसं असू शकलं असतं. ती बाजू तिने सोडली. खाली फळीवर पांढरा लेप होता, म्हणून फार खोल जायचं नव्हतं. पोटाजवळ, जिथे वीण सगळ्यात जाड होती, तिथे तिने पातळ पातं टेकवलं. पहिला टाका सुटला तेव्हा तिचे दात शिवशिवले. विटकरी भुकटी काचेच्या बशीत पडत राहिली आणि सासूबाई चष्मा लावून शेजारी उभ्या होत्या. “दुखत नाहीये मला,” त्या मधेच म्हणाल्या. “कर तू.”

डिंकाने आकडा बिघडतो की काय, म्हणून तिने स्वच्छ वाळूत तोच डिंक घोटून दुसरी बशी केली. दोन्ही बश्या तिने धातू तपासणाऱ्या विभागाला दिल्या. कुठली कुठून आली हे सांगितलं नाही. त्या विभागाचे प्रमुख आता शेजारच्या टेबलावरचे तेच गृहस्थ होते. निकाल त्यांनी स्वतः आणून दिला : दोन्हींत शिसं जवळपास नाहीच. मग तिने त्यांना एक बशी कुठली ते सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले.

“तुमच्या सासूबाईंचं चित्र? खरवडलंत?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “पुन्हा एकदा करू या,” ते म्हणाले. “मी चुकलो नाही ना, बघतो.” ते चुकले नव्हते.

चित्र म्हणजे पुरावा नव्हे, असं पहिल्याच बैठकीत मालकाचे वकील म्हणाले, आणि मातीबाईने स्वतः उठून ते मान्य केलं. डिंक घातलेली माती ही नमुना म्हणून चालत नाही, हे तिनेच लेखी दिलं होतं. पण साहेबांना पाऊल टाकायला फरशी मिळाली होती. त्यांनी आजूबाजूच्या न कापलेल्या टेकड्यांवर खणायला माणसं पाठवली. तिथेही शिसं नव्हतं. कारखान्याच्या दिशेने जसजसं सरकावं तसतसं वाढत मात्र होतं. चौकशी रेंगाळली, तारखा पडल्या, शेवटी भट्ट्या बंद झाल्या. वसाहतीतल्या मुलांचं रक्त तपासलं, अंगणांतली वरची माती काढून नेली. परिचारिकेच्या मुलाचं दुखणं लगेच थांबलं नाही. हळूहळू कमी झालं. ती अधूनमधून येऊन सांगायची, आणि दर वेळी आधी सासूबाईंना भेटायची.

गॅलरीच्या बाईंना चित्राची हकिकत कळली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. “हे असंच लावू या, भोकासकट! खाली सगळी गोष्ट लिहू. लोक तुटून पडतील.”

मोह मातीबाईलाही झाला होता. पण सासूबाई म्हणाल्या, “माझ्या पोटाला पडलेलं भोक बघायला लोक येणार? मला नाही चालायचं. मी बसलेय तिथे मी म्हणून, गोष्ट म्हणून नाही.”

चित्र दिवाणखान्यातच राहिलं. मातीबाईने त्या जागी नवी माती भरायची का, म्हणून विचारलं. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, “भर. पण उसवलेला स्वेटर लोक दुसऱ्या लोकरीने रफू करतात तसं दिसू दे. मुद्दाम जुळवू नकोस.” मातीबाईने नदीकाठच्या लाडावलेल्या मातीने रफू केलं. लाल स्वेटरवर ओंजळभर पिवळसर ठिगळ.

प्रदर्शनात त्याऐवजी जमिनींची चित्रं लागली. बरी गर्दी झाली. वर्गातले जुने सर काठी टेकत आले, प्रत्येक चित्राजवळ वाकले आणि तिच्या खांद्यावर थोपटून गेले. साहेब मात्र प्रत्येक चित्रापुढे थांबून, ही कुठली जमीन, ही कुठली, असं ओळखत होते आणि ओळखलं की लहान मुलासारखे खूश होत होते. एक त्यांना ओळखता आली नाही. “ही कुठली हो?”

“ही कुठलीच नाही,” मातीबाई म्हणाली. “अशी असती तर बरं झालं असतं, असं वाटलं म्हणून काढली.”

“असं चालतं?” साहेबांनी काळजीने विचारलं.

“इथे चालतं,” ती म्हणाली.

सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आपल्या त्या आवाजात, आधी कुठल्या भिंतीकडे जायचं ते सांगत होत्या, आणि लोक निमूटपणे त्याच भिंतीकडे वळत होते. एका तरुण मुलीने त्यांना विचारलं, “तुमची सून नक्की काय आहे हो? शास्त्रज्ञ की चित्रकार?”

“तिलाच विचार,” सासूबाई म्हणाल्या. “पण ती आत्ता कोणाशी तरी बोलतेय. थोडा वेळ थांब.”